‘माका होवन गेलो’ म्हणजे किती दिवस?

जानेवारी २०२२ मधली गोष्ट. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत ओमायक्रॉनची सर्दी घराघरातून फिरत होती आणि आशाताई यादी हातात घेऊन पाखाड्या चढत-उतरत होत्या. शेजारच्या काकी पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, “माका होवन गेलो गो बाय. आता लस कित्याक व्हयी?” काकींना २०२० च्या गणपतीनंतर करोना झाला होता. आठ दिवस ताप, महिनाभर तोंडाला चव नाही, मग बऱ्या झाल्या. आशाताईंनी ‘सरकारनं सांगितलंय’ एवढंच उत्तर दिलं. मलाही त्याहून बरं काही सुचलं नाही, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे. काकींचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. साथींचं शास्त्र ज्या प्रश्नाभोवती फिरतं, तोच त्यांनी विचारला होता. आपण त्याला नुसतं ‘घ्या’ किंवा ‘नको’ एवढंच उत्तर देत राहिलो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आजार होऊन गेल्यावर मिळणारं संरक्षण खरं असतं. ते मोजायलाच तयार नसलेल्यांनी लोकांचा विश्वास गमावला. पण हे संरक्षण कोणाला, कशापासून आणि किती महिने, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही. आणि हे विचारलं, की आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या गावांत दर पावसाळ्यात, चाकरमानी यायच्या आधी, साठीपुढच्यांना लस मिळाली पाहिजे, याच ठिकाणी मी येऊन पोचतो.

आमच्या आज्या गोवराबद्दल सांगायच्या, एकदा येऊन गेला की पुन्हा यायचा नाही. बरोबर सांगायच्या. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला. बेटांवर याआधीची साथ १७८१ ची. त्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, त्यांच्यातले जे म्हातारे अजून हयात होते, त्यांना ६५ वर्षांनीही गोवर शिवला नाही, असं त्यानं नोंदवून ठेवलं. काकींच्या डोक्यात करोनाचा हिशेब याच वळणाचा होता. मग करोना असा का वागत नाही?

कारण एकच नाही. गोवराच्या विषाणूचा पृष्ठभाग असा आहे की त्यात फार बदल झाले तर विषाणूच लुळा पडतो; करोनाच्या पृष्ठभागावरच्या काट्यांना मात्र बरेच बदल सोसतात. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेळेचं गणित. गोवर अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत दहा-बारा दिवस जातात आणि तोवर विषाणू रक्तातून सगळ्या शरीरभर फिरलेला असतो. आधीची ओळख लक्षात ठेवणाऱ्या शरीराच्या स्मृतिपेशींना जागं होऊन फौज उभी करायला चार-पाच दिवस लागतात, ते त्यांना आरामात मिळतात. ओमायक्रॉनचं काम तीनेक दिवसांत उरकतं, तेही नाका-घशाच्या अस्तरातच. स्मृती जागी होईपर्यंत शिंका सुरू झालेल्या असतात. म्हणून संसर्ग थांबवायचा तर अँटीबॉडी आधीपासूनच नाकाच्या दाराशी हजर हव्यात, आणि त्यांची पातळी तर काही महिन्यांत ओसरते. दंडात घेतलेल्या लशीनं रक्तात त्या भरपूर तयार होतात, नाकाच्या अस्तरात कमी पोचतात. पण विषाणू फुप्फुसात उतरून माणूस धापा टाकू लागायला आठवडाभर तरी जातो. तेवढ्यात स्मृती जागी झालेली असते. लस घेऊनही सर्दी-ताप झाला म्हणून ‘लस फुकट गेली’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो, की सर्दी अडवणं आणि व्हेंटिलेटर अडवणं ही शरीराची दोन वेगळी कामं आहेत आणि ती वेगवेगळ्या पेशी करतात.

नव्या व्हेरियंटचं कोडंही इथेच सुटतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिठ्यावर एसटीतून कोणी उतरतो. दाढी वाढवलेली, चष्मा लागलेला, अंग सुटलेलं. तिठ्यावरची पोरं त्याला ओळखत नाहीत. पण पडवीतली म्हातारी लांबूनच त्याची चाल बघते आणि म्हणते, हा तर अमक्याचा झील. अँटीबॉडी तोंडवळ्यावरून ओळखतात. विषाणूच्या काट्याचं टोक हा तो तोंडवळा, आणि ओमायक्रॉननं त्या काट्यात तिसाहून अधिक बदल करून घेतले होते. टी पेशी, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी हुडकणाऱ्या शिपाई पेशी, ओळखतात ते विषाणूचे तुकडे, त्यातले बरेचसे न बदललेले. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांना असं आढळलं, की जुन्या विषाणूवर किंवा लशीवर घडलेल्या टी पेशींचा ७० ते ८० टक्के प्रतिसाद ओमायक्रॉनसमोरही टिकून राहतो. लस आणि आजार यांतला एक खरा फरकही इथेच आहे. कोविशिल्ड शरीराला फक्त काटा दाखवते. कोव्हॅक्सिन अख्खा मारलेला विषाणू दाखवते. आणि आजार तर जिवंत विषाणू नाकातूनच आणतो, त्यामुळे नाकाच्या अस्तरालाही धडा मिळतो. काकींच्या शरीराला जे शिकायला मिळालं होतं, ते दंडातल्या सुईनं पूर्ण शिकवता आलं नसतं, हे मान्य करायला मला अडचण नाही.

पण ते टिकलं किती? कतारमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की आधी होऊन गेलेला करोना अल्फा, बीटा, डेल्टा या व्हेरियंटांच्या पुनर्संसर्गापासून साधारण ९० टक्के संरक्षण देत होता. ओमायक्रॉन आला आणि ते ५६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. त्यातले आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. नुसता आजार होऊन गेलेल्यांना वर्षभरानंतर ओमायक्रॉनच्या पुन्हा लागणीपासून सुमारे २५ टक्के संरक्षण, गंभीर आजारापासून सुमारे ७५ टक्के. आजारही झाला आणि लशीचे पहिले दोन डोसही घेतले, अशांना वर्षभरानं पुन्हा लागणीपासून सुमारे ४२ टक्के, गंभीर आजारापासून ९७ टक्के. हे आकडे तेव्हा हाती असते आणि काकींसमोर ठेवले असते तर त्यांना दटावण्याची गरजच नव्हती. तुमच्याकडे चारांतले तीन भाग आहेत, काकी. उरलेल्या चौथ्यातला बहुतेक भाग दोन सुयांत मिळतो, आणि तुमचं वय एकाहत्तर आहे.

म्हणजे ‘लस की आजार’ ही जी भांडणं व्हॉट्सअॅपवर वर्षभर चालली, ती भांडणंच फोल होती. दोन्ही मिळून सर्वांत पक्कं संरक्षण होतं. प्रश्न उरतो तो क्रमाचा, आणि इथे मी अजिबात मधला मार्ग धरत नाही. विषाणूची पहिली ओळख लशीतूनच झाली पाहिजे, कारण आजारातून मिळालेली प्रतिकारशक्ती फक्त जगलेल्यांना मिळते. जून-जुलै २०२१ मधल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चौथ्या सर्वेक्षणात देशातल्या ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या. तेव्हा लसीकरण नुकतंच वेग घेत होतं, म्हणजे त्यातला मोठा वाटा आजारानंच दिलेला होता. ही बातमी तेव्हा आनंदाची म्हणून सांगितली गेली. मला ती वाचवली नाही. एप्रिल-मे महिन्यांत जे झालं, त्याची ती पावती होती. महाराष्ट्रात सरकारी आकड्यांनुसारच या साथीत दीड लाखाच्या आसपास माणसं गेली.

त्यांतले एक आमचे आबा, वडिलांचे मोठे भाऊ. वय ७६. एप्रिल २०२१ मध्ये तालुक्याच्या गावी तीन तास रांगेत उभं राहून त्यांनी कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. दुसरा सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे मे अखेर-जूनमध्ये घ्यायचा होता. १३ मे रोजी केंद्रानं दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. त्याच आठवड्यात तौक्ते वादळ आलं, माड आडवे झाले, आठ-नऊ दिवस वीज नव्हती. आबांनी मेच्या शेवटी केंद्रावर चौकशी केली, जुलैत या म्हणून सांगितलं. जूनच्या मध्यावर त्यांना ताप आला आणि बाराव्या दिवशी ते गेले.

अंतर वाढवण्यामागे शास्त्र नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं, आणि चांगलं होतं. कोविशिल्ड म्हणजे मूळची ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाची लस. ऑक्सफर्डच्या चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत लशीची परिणामकारकता ५५ टक्के आणि बारा आठवड्यांनी घेतलेल्यांत ८१ टक्के आली होती. पहिल्या डोसानंतर लसिकाग्रंथींमध्ये अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी कित्येक आठवडे स्वतःत बदल करत राहतात. ज्यांची पकड पक्की जमते त्या टिकतात, बाकीच्या गळून जातात. घाईनं दिलेला दुसरा डोस ही निवड अर्ध्यावर तोडतो. तरवा, म्हणजे भाताची रोपं, पुरता वाढायच्या आधी लावणी केली तर भाताचं जे होतं तेच. पण हे सगळं जुन्या विषाणूच्या काळातलं मोजमाप होतं. तेव्हा देशात डेल्टा होता, आणि डेल्टासमोर एकच डोस लक्षणं असलेल्या आजारापासून जेमतेम ३० टक्के वाचवतो, दोन डोस ६७ टक्के, हे इंग्लंडच्या नोंदींतून पुढे लवकरच दिसलं. इंग्लंडनं १४ मे रोजी, म्हणजे आपल्या निर्णयाच्या दुसऱ्याच दिवशी, पन्नाशीपुढच्यांचं अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणलं. लस तीच, व्हेरियंट तोच, आणि दोन देश विरुद्ध दिशांना गेले. आपल्याकडे लशींची टंचाई होती, तरुणांना पहिला डोस पोचवायचा होता, हे मला समजतं. तरीही साठीपुढच्यांना त्या नियमातून वगळायला हवं होतं. आबा दुसऱ्या डोसानं वाचले असते असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका माणसाबद्दल तसं कोणालाच सांगता येत नाही. पण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं त्याच डेल्टाच्या लाटेत आपल्या हजारो कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दोन डोस झालेल्यांत ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के आणि अतिदक्षता विभागात जाण्यापासून ९४ टक्के संरक्षण दिसलं. तो आकडा वाचताना मला आबाच दिसतात.

लशीची भीती घालणाऱ्या बातम्यांनाही टाळून चालत नाही. २०२४ मध्ये अॅस्ट्राझेनेकानं ब्रिटनमधल्या कोर्टात दिलेल्या कबुलीची बातमी आली आणि आमच्या वाडीत दोन रात्री कोणाला झोप नव्हती. रक्तात गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट कमी, असा तो दुष्परिणाम. तो खरा आहे. ब्रिटनमध्ये पन्नाशीखालच्यांत साधारण पन्नास हजारांत एक, पन्नाशीपुढच्यांत लाखात एक, असा त्याचा अंदाज मांडला गेला होता. तो बहुधा पहिल्या डोसानंतर महिनाभरातच दिसतो, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी लस घेतलेल्यांनी घाबरून रक्त तपासत फिरायचं कारण नव्हतं. तरुण माणसं अचानक हार्टनं जातात त्याचं खापरही लशीवर फोडलं गेलं. आयसीएमआरनं १८ ते ४५ वयातल्या अशा मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. धोका वाढवणारी कारणं दुसरीच निघाली: करोनासाठी पूर्वी दवाखान्यात भरती व्हावं लागणं, घरात अशा मृत्यूचा इतिहास, आदल्या दोन दिवसांत भरमसाट दारू किंवा अंगमोड श्रम. धोका किती आहे हे नीट सांगितलं तर लोक समजून घेतात. आम्ही खाडीच्या तोंडाशी राहणारी माणसं आहोत, भरती-ओहोटीचा अंदाज घेऊनच होडी काढतो.

‘आजार होऊन जाऊ दे, अंग घट्ट होतं’ हा समज आमच्याकडे फार जुना आहे, आणि करोनापुरता तो निम्मा खरा ठरला म्हणून तो सगळीकडे चालवला जातो. डेंगीचं बघा. त्याचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला आणि पुढे दुसरा झाला, तर पहिल्याच्या अँटीबॉडी विषाणूला नीट अडवत नाहीत, उलट पेशींत शिरायला वाट करून देतात, आणि दुसरा डेंगी पहिल्याहून जीवघेणा ठरू शकतो. दोडामार्गात २०१६ पासून काजूच्या बागांत माणसं मारणाऱ्या माकडतापाची जुनी लस तर महिन्याच्या अंतरानं दोनदा आणि पुढे पुन्हा पुन्हा घ्यावी लागायची, तरी संरक्षण तोकडंच. प्रत्येक विषाणूचा स्वभाव वेगळा. ‘होवन गेलो’ हे वाक्य गोवराला लागू पडतं, करोनाला थोडं लागू पडतं, डेंगीला लागू केलं तर घात करतं.

लशीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही एक गोष्ट कबूल करायला हवी. शरीर पहिली ओळख विसरत नाही, आणि हे नेहमीच फायद्याचं असतं असं नाही. फ्लूच्या अभ्यासातून थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये ही गोष्ट मांडली: लहानपणी ज्या फ्लूशी गाठ पडली, त्याच्याच अँटीबॉडी आयुष्यभर आधी धावून येतात. १९६८ मध्ये माणसांत फिरणाऱ्या फ्लूची जात बदलली; त्याआधी जन्मलेल्यांना एका जातीच्या बर्ड फ्लूपासून आणि नंतर जन्मलेल्यांना दुसऱ्या जातीपासून संरक्षण जास्त, असं पुढे दिसून आलं, ते यामुळेच. करोनाच्या जुन्या लशीचाच डोस पुन्हा पुन्हा देत राहिलं तर शरीर जुन्याच तोंडवळ्याकडे ओढलं जातं. म्हणून मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानं मूळ वुहानचा विषाणू लशीतून काढून टाकायला सांगितलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये जेएन.१ या ओमायक्रॉनच्या उपप्रकारावर आधारलेली लस सुचवली. आपल्या पुण्याच्या जिनोव्हानं ओमायक्रॉनवरची एमआरएनए लस बनवली, तिला जून २०२३ मध्ये परवानगीही मिळाली, साध्या फ्रीजच्या तापमानात ती टिकते. आमच्या वाडीपर्यंत ती आलेली मी पाहिली नाही. ज्या राज्यात ही लस घडली, त्याच राज्याच्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना ती मिळू नये, याचा मला राग येतो.

आणि नवे व्हेरियंट आमच्या वाटेला येत नाहीत असं कोणी समजू नये. जून २०२१ मध्ये राज्यात डेल्टा प्लसचे पहिले २१ रुग्ण जाहीर झाले, त्यांतले ९ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. राज्यातला त्याचा पहिला मृत्यूही त्याच जिल्ह्यातला. डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ चा राज्यातला पहिला रुग्ण सिंधुदुर्गात सापडला. हे सापडलं ते नमुने पुढे पाठवले गेले म्हणून. साथीच्या सुरुवातीला साधी तपासणी करायची तरी नमुने घाट चढून मिरजेला जायचे, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. जनुकीय तपासणी थांबली की नवा व्हेरियंट येत नाही असं नसतं, तो फक्त कळत नाही.

आमच्या गावांची घडणच या सगळ्याला नाजूक आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. तरणी माणसं मुंबई-पुण्यात, घरात सत्तरीची जोडपी, काही घरांत एकटी म्हातारी. वर्षातले अकरा महिने या माणसांना फारसं कोणी भेटत नाही, म्हणजे विषाणूही कमी भेटतो आणि त्यांच्या अँटीबॉडी ओसरलेल्या असतात. मग भाद्रपदात लोकलच्या गर्दीतून लाखो माणसं चार दिवसांत गावात उतरतात. एका खोलीत वीस माणसं आरतीला उभी राहतात, रात्रभर भजनं होतात, बाहेर पाऊस, खिडक्या बंद. महाराष्ट्रात फ्लूचा जोरही पावसाळ्यात वाढतो. २०२० च्या गणपतीत चाकरमान्यांना दहा दिवस विलगीकरणात बसवलं, त्यावरून घराघरात भांडणं झाली, भाऊ भावाशी बोलेना. ते पुन्हा व्हावं असं मला वाटत नाही. आपल्याच माणसाला वेशीवर अडवण्यापेक्षा म्हाताऱ्या आईला आधी लस द्यावी, हे सोपं आहे आणि माणुसकीचंही.

आपला लसीकरण कार्यक्रम बाळांसाठी आणि गरोदर बायांसाठी उत्तम चालतो. आमच्या आशाताईंना कोणत्या बाळाचा कोणता डोस कधी हे तोंडपाठ असतं. म्हाताऱ्यांची अशी वही कुठेच नाही. ती हवी. साठीपुढचे सगळे, मधुमेह आणि दम्याचे रुग्ण, डायलिसिसवरचे, कॅन्सरचे उपचार चालू असलेले. त्यांना दरवर्षी एकदा फ्लूची आणि त्या वर्षीच्या करोनाची लस, उपकेंद्रावर, फुकट. विशीतल्या, आधी दोन-तीनदा करोना होऊन गेलेल्या धडधाकट पोरामागे सुई घेऊन धावायची गरज नाही. त्याचं शरीर पुरेसं शिकलेलं आहे आणि पैसा मर्यादित आहे. तो पैसा काकींसाठी ठेवा.

वेळही ठरलेली आहे. लस टोचल्यापासून अँटीबॉडी वर यायला दोन आठवडे लागतात. नारळी पौर्णिमेनंतर एकोणीस-वीस दिवसांनी चतुर्थी येते. पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारलेल्या असतात, कोळीवाड्यातले म्हातारे घरीच असतात, लावणी उरकलेली असते. या वर्षी आषाढात मी आणि वाडीतल्या चौघांनी साठीपुढच्यांची यादी केली, एकशे बारा नावं झाली. काकींचं नाव तिसरं आहे, त्यांनी स्वतः येऊन लिहायला सांगितलं. यादी आम्ही आरोग्य केंद्रात दिली आहे. साठा नाही म्हणून ती टेबलावर पडून आहे. नारळी पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली.